फुलीचा टाका : चुका, उसवण आणि हसणे

भरतकामातील सर्व टाक्यांत फुलीचा टाका शिकण्यास सोपा, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत, आणि ते खोटे नाही. एक तिरपा टाका या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, त्यावर दुसरा उलट दिशेने, झाली फुली. सात-आठ वर्षांच्या मुलीलाही हे दहा मिनिटांत समजते. परंतु समजणे आणि साधणे यांत जे अंतर आहे, तेथे बहुतेक शिकाऊ मंडळी अडखळतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी, जुन्या साड्यांखाली, अर्धा भरलेला एखादा रुमाल किंवा उशीचा अभ्रा सापडेल. सुई त्यात तशीच टोचलेली असते आणि तिच्या गंजाचा तांबूस डाग कापडावर उतरलेला असतो. कंटाळा आला म्हणून सोडले, असे घरची माणसे सांगतात. आमचे मत थोडे निराळे आहे. शाळेच्या शिवणवर्गात मुलामुलींची कामे पाहता पाहता आमच्या ध्यानी असे आले आहे, की हाती घेतलेले भरतकाम कंटाळ्याने क्वचितच थांबते. ते बहुधा लाजेने थांबते. चूक होते, शेजारचे कोणी हसते, आणि सुई जेथे असेल तेथे राहते. म्हणून चुका कोणत्या, त्या का होतात, कोणत्या उसवाव्यात आणि कोणत्या हसून सोडून द्याव्यात, याविषयी येथे थोडे लिहावेसे वाटले.

फुलीचा टाका विलायतेहून आला, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. नमुन्यांची पुस्तके तिकडून आली, हे खरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरात चौकटीच्या कागदावर रंगीत नमुने छापून विकू लागले, आणि ते गुलाब, ते कुत्रे, त्या टोपल्या पुढे जगभर पसरल्या. पण टाका कोणा एका देशाचा नाही. पॅलेस्टाइनमधील स्त्रियांच्या 'तत्रीज' नावाच्या भरतकामात मुख्य टाका हाच आहे. २०२१ साली युनेस्कोने त्या कलेची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. आणि आपल्या बेळगाव-धारवाड भागात तर हा टाका घरचाच. कसुतीचे चार टाके प्रसिद्ध आहेत : गवंटी, मुर्गी, नेगी आणि मेंथी. यांतील मेंथी म्हणजे आपला फुलीचाच टाका. मेथीच्या दाण्यांसारखा दिसतो म्हणून हे नाव. 'कै' म्हणजे हात आणि 'सुती' म्हणजे सूत, अशी कसुती शब्दाची फोड कानडी मंडळी सांगतात. आपण मराठीत 'कशिदा' म्हणतो तो शब्द मात्र फारसीतून आला. 'कशीदन्' म्हणजे ओढणे. शिकाऊ माणूस दोरा किती जोराने ओढतो हे पाहिले, की शब्द अगदी योग्य वाटतो.

पहिली चूक सुई हाती घेण्यापूर्वीच, दुकानात होते. आधी कापड घेतले जाते आणि मग नमुना शोधला जातो. खरे तर उलट हवे. फुलीच्या कामासाठी आयडा किंवा मॅटीसारखे चौकटी पडलेले कापड वापरतात, आणि एका इंचात किती घरे बसतात त्यावर त्याचा क्रमांक ठरतो. चौदा नंबरच्या कापडात इंचाला चौदा घरे. नमुना ७० घरे रुंद आणि ९८ घरे उंच असेल, तर चौदा नंबरवर चित्र ५ इंच रुंद व ७ इंच उंच होईल. तोच नमुना अकरा नंबरवर घेतला तर सुमारे ६.४ व ८.९ इंच. त्याशिवाय चारी बाजूंना चौकटीसाठी किंवा दुमडण्यासाठी तीन-तीन इंच सोडावयाचे, म्हणजे चौदा नंबरचे कापड किमान ११ इंच रुंद व १३ इंच उंच हवे. हे त्रैराशिक पाचवीच्या मुलाला येते. परंतु दुकानात गुलाबी आणि जांभळ्या लड्या पाहिल्यावर पदवीधरालाही आठवत नाही. मग राधा-कृष्णाच्या चित्रात राधा पूर्ण होते आणि कृष्ण कमरेपासून कापडाबाहेर जातो.

येथे नवशिक्याला फसविणारे दोन आकडे आहेत. कापडाचा नंबर मोठा, तर घर लहान. सुईचा नंबर मोठा, तर सुई बारीक. चौदा नंबरच्या कापडाला चोवीस नंबरची सुई बरी, त्याहून बारीक कापडाला सव्वीस नंबरची. मोठा आकडा म्हणजे मोठी वस्तू असे धरून चालणारा दोन्हीकडे उलट माल घेऊन येतो. सुई बोथट टोकाची असावी, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. फुलीच्या कामात सुईने कापड भोसकावयाचे नसून मुळातल्या भोकातून जावयाचे असते. धारदार सुई घराच्या मधोमध शिरते, आधीच्या दोऱ्याचे पदर चिरते, आणि वर बोटालाही प्रसाद देते.

चित्राची सुरुवात कोठून करावी? शिकाऊ मुलगी वहीत लिहिल्याप्रमाणे डाव्या कोपऱ्यातून आरंभ करते. तसे करू नये असे नाही. पण मोजमाप चुकले असेल तर ते तळाशी पोचल्यावर कळते आणि तेव्हा इलाज नसतो. कापडाची उभी घडी, मग आडवी घडी घालावी. दोन्ही घड्या जेथे मिळतील तो मध्य. तेथून सुरू करावे. नमुन्याचा मध्यही तसाच शोधून पेन्सिलीने खूण करावी. दर दहा घरांवर साध्या दोऱ्याची मोठी धावदोऱ्याची ओळ टाकून ठेवली, तर मोजणी फारशी चुकत नाही. हा दोरा शेवटी ओढून काढता येतो. पण हे कंटाळवाणे काम पहिल्या वेळी कोणी करत नाही, दुसऱ्या वेळी सर्वजण करतात.

दोऱ्याचे शास्त्र थोडे समजून घेण्यासारखे आहे. बाजारात मिळणारी लडी बहुधा आठ मीटरची आणि सहा पदरी असते. चौदा नंबरवर त्यांतले दोन पदर पुरतात. शिकाऊ माणूस सहाही पदर ओवतो, किंवा दोन पदर एकदम खेचतो आणि उरलेल्या चारांचा गुंता होतो. एकेक पदर सरळ वर ओढून सुटा करावा आणि मग दोन एकत्र आणावेत. दोरा किती लांब घ्यावा? कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे आपल्या जुन्या मापाचा एक हात, सुमारे १८ इंच. वारंवार ओवण्याचा कंटाळा म्हणून वाव-दीड वाव दोरा घेणारीचा वेळ ओवण्यात वाचतो आणि गाठी सोडविण्यात जातो. शिवाय लांब दोरा प्रत्येक भोकातून घासून जातो आणि शेवटाकडे त्याची चमक निघून जाते. टाके घालताना दोऱ्याला पीळ पडतो. अधूनमधून सुई खाली लोंबती सोडावी, ती आपोआप गिरक्या घेऊन पीळ काढते. लहान मुलांना ही गिरकी इतकी आवडते की ती दर दोन टाक्यांनी सुई सोडतात. सोडू द्यावी.

चमकेचा विषय निघाला म्हणून सांगतो. सर्वांत जास्त दिसणारी, पण सर्वांत उशिरा ध्यानी येणारी चूक म्हणजे वरचा टाका कधी डावीकडे, कधी उजवीकडे झुकणे. प्रत्येक फुली सुटी पाहिली तर बरोबर वाटते. पूर्ण पान भरून झाले, की हिरव्या रंगात ठिगळे दिसतात, जणू अर्ध्या पानावर ऊन पडले आहे. रंग एकच, लडी एकच, मग असे का? भरतकामाचा सुती दोरा कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेतून गेलेला असतो. जॉन मर्सर या इंग्रज गृहस्थाने १८४४ मध्ये हा शोध लावला आणि १८५० मध्ये त्याचे पेटंट घेतले; पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने दोरा ताणून धरून ती प्रक्रिया केली तेव्हा त्याला रेशमासारखी झाक आली. गुळगुळीत दोऱ्यावरून प्रकाश एका दिशेने परततो. टाक्याची दिशा बदलली की झाक बदलते. म्हणून वरचा टाका कोणत्या बाजूला झुकवावा याला नियम नाही, पण एकदा ठरविली ती बाजू शेवटपर्यंत पाळावी. यात एक गमतीचा प्रकार नेहमी घडतो. मैत्रिणी मिळून एकच मेजपोस भरतात. एकीचा हात एका दिशेचा, दुसरीचा दुसऱ्या. डावखुरी असेल तर विचारूच नका. पाहुण्यांना काही कळत नाही, पण दिवा लावला की कोणते फूल कोणाचे हे घरात सर्वांना दिसते. आम्हांला विचाराल तर असा मेजपोस उसवू नये. त्यात दोघींच्या सह्या आहेत.

मोजणीच्या चुकांचे मात्र तसे नाही. तेथे कोठे हसावे आणि कोठे उसवावे याचा विवेक लागतो. फुलाच्या पाकळीत एक घर कमी-जास्त झाले तर काही बिघडत नाही. झाडावरची फुले तरी कोठे मोजून उमलतात? पण चौकटीच्या किनारीत एक घर चुकले, तर ती चूक चौथ्या कोपऱ्यावर तुमची वाट पाहत उभी असते. तीन बाजू सुरेख होतात आणि शेवटी दोन टोके एकमेकांना भेटत नाहीत. तसेच पक्ष्याच्या चोचीचे आणि डोळ्याचे. आमच्या वर्गातील एका आठवीच्या मुलीने मोठ्या हौसेने मोर भरला. मान दोन घरे आखूड झाली, तुऱ्याचा रंग संपला म्हणून तो लाल दोऱ्याने केला. घरी नेल्यावर आजोबांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "बाळ, कोंबडा झकास झालाय हो!" मुलीचा चेहरा उतरला. तिची आजी शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अहो, कोंबडाच सांगितला होता मी तिला." दुसऱ्या दिवशी मुलीने वर्गात येऊन हा किस्सा स्वतःच सांगितला आणि सर्वांआधी स्वतःच हसली. त्या वर्गात नंतर अनेकींनी आपापले कोंबडे बाहेर काढले : तिरपी झालेली वृंदावने, पाच पायांची हरणे, आणि मानेऐवजी पोटाला गाठ पडलेला हंस.

तेव्हापासून वर्गात आम्ही एवढेच पाळतो, की ज्याची चूक त्याने आधी हसावयाचे. तोपर्यंत इतरांनी तोंड मिटून बसावयाचे. हसू चुकीवर असले तर हात मोकळा होतो आणि माणसावर असले तर हात आखडतो. आखडलेल्या हाताचा टाका लगेच ओळखू येतो : दोरा इतका ओढलेला असतो की घराची भोके फाकतात आणि कापडाला सुरकुती पडते. म्हणजे ही केवळ मनाची गोष्ट नाही. कापडावरही ती उमटते.

कसुतीच्या गवंटी टाक्यात चुकीची तऱ्हा आणखी मजेची असते. येथे दोरा एकदा जातो आणि एकदा परत येतो. जाताना एक टाका घालावयाचा, तितकीच जागा सोडावयाची, पुन्हा टाका. परतताना सोडलेल्या जागा भरावयाच्या. त्यामुळे कापडाची सुलट आणि उलट बाजू सारखी दिसते. हाच टाका युरोपात होल्बाइन या चित्रकाराच्या नावाने ओळखतात, कारण सोळाव्या शतकात त्याने काढलेल्या माणसांच्या गळपट्ट्यांवर आणि बाह्यांवर असे भरतकाम दिसते. आता यात जाताना एक धागा कमी मोजला, तर जाताना काहीच कळत नाही. रेघ तुटक-तुटक असते, डोळा फसतो. परतीच्या वाटेवर गोपुराचा कळस जेथे असावा तेथे नसतो, आणि मग कळते. दुसरी फसगत रस्त्याची. फांदी निघाली की टोकापर्यंत जाऊन मूळ वाटेवर परतले पाहिजे, हा हिशेब आधी केला नाही तर दोरा अशा जागी पोचतो की परतीचा रस्ताच उरत नाही. जुन्या बायका हा हिशेब कागदाशिवाय करीत. काळ्या चंद्रकळेवर, कापडाचे धागे मोजून, खाली काही न रेखाटता! गाठ मारावयाची नाही, आणि मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ. हल्ली बारीक विणीच्या कापडावर जाळीदार कॅनव्हास टाचून त्यावर भरतात आणि काम झाल्यावर कॅनव्हासचे धागे एकेक ओढून काढतात. त्यातही नवशिका चुकतोच. टोकदार सुई कॅनव्हासच्या धाग्यातूनच आरपार जाते, आणि मग तो धागा काही केल्या निघत नाही.

मागची बाजू हा शिवणवर्गातील जुना वादाचा विषय. पूर्वी परीक्षक काम हाती घेताच ते आधी उलटे करून पाहत, आणि पुढच्या बाजूचा मोर कितीही देखणा असला तरी मागच्या गाठींवरून गुण कापत. आमच्या मते हे कसुतीला न्याय्य, पण काचेच्या चौकटीत जाणाऱ्या चित्राला अन्याय्य आहे. साडीचा पदर दोन्ही बाजूंनी दिसतो. भिंतीवरच्या चित्राची पाठ फक्त पालीला दिसते. तथापि गाठ न मारण्यामागे कारण आहे. गाठीमुळे चित्र चौकटीत बसविताना उंचवटा येतो आणि धुताना गाठ सुटली तर टाके सुटतात. त्याऐवजी एकच पदर दुप्पट लांबीचा घ्यावा, मधोमध दुमडावा, दोन्ही टोके नेढ्यातून ओवावीत. पहिला टाका मागून वर काढून पुन्हा खाली नेताना मागे राहिलेल्या फासातून सुई न्यावी. दोरा पक्का बसतो आणि गाठ नाही. शेवटी दोरा मागच्या चार-पाच टाक्यांखालून सरकवून कापावा. आणि एका लाल फुलापासून दूरच्या दुसऱ्या लाल फुलापर्यंत मागून दोरा ओढत नेऊ नये. पांढऱ्या कापडातून तो शिरेसारखा दिसतो.

उसविण्याची वेळ आलीच, तर ती रीतसर करावी. सुई उलटी ओढत मागे जाऊ नये. तसे केल्याने दोरा कापडाला घासतो आणि हमखास नवा गुंता होतो. लहान टोकदार कात्रीने वरच्या टाक्याचा मध्य कापावा आणि मागून तुकडे चिमट्याने काढावेत. उसवलेला दोरा पुन्हा वापरू नये. गडद रंगाची लव पांढऱ्या कापडावर राहिली, तर चिकटपट्टी हलकेच दाबून उचलावी. उसविण्यात कमीपणा मुळीच नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक हिने १५९८ साली भरलेला टाक्यांचा नमुनापट आहे. तारीख घातलेला इतका जुना ब्रिटिश नमुनापट दुसरा ठाऊक नाही. त्यावर काही आकृत्या उसवून काढल्याच्या खुणा आजही दिसतात; त्यांत पाठीवर किल्ला घेतलेला एक हत्ती होता. चारशे वर्षांपूर्वी तो कोणी आणि का उसवला कोण जाणे. आमच्याकडच्या कसुतीत अंबारीचा हत्ती नेहमीचा आहे, आणि तो भरताना सोंड कोठे संपली आणि पाय कोठे सुरू झाला हे चुकले नाही अशी मुलगी विरळाच.

इराणी गालिचे विणणारे कारागीर एक चूक मुद्दाम ठेवतात, कारण परिपूर्ण तो एक परमेश्वर, अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते. कथा गोड आहे. पण मुद्दाम चूक करण्यासाठी उरलेले काम बिनचूक व्हावे लागते, आणि तेवढा आत्मविश्वास आम्ही अजून कोणा विद्यार्थ्यात पाहिला नाही. आमच्या वर्गात चुका आमंत्रणाविना येतात आणि पंगतीला बसतात.

काही फुटकळ अपघातांचा उल्लेख करून पुढे जातो. मांडीवर रिंग ठेवून भरता भरता कापडाबरोबर स्वतःची ओढणी किंवा पदर शिवून टाकणे, हा प्रकार प्रत्येक वर्षी एकदा तरी घडतो; उठल्यावर चित्रही बरोबर उठते. रिंग रात्री काढून ठेवावी, नाहीतर कापडावर गोल वळ उठतो आणि तो सहज जात नाही. हळदीचा किंवा तेलाचा हात लावू नये. गडद लाल किंवा निळा दोरा वापरण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून पाहावा. रंग उतरलाच, तर थंड पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळावे, आणि डाग जाईपर्यंत इस्त्री मुळीच फिरवू नये, कारण उष्णतेने तो पक्का बसतो. इस्त्री करताना जाड टॉवेलवर चित्र पालथे घालावे, म्हणजे टाके चेपत नाहीत.

शेवटी अक्षरांविषयी, कारण आपल्या घरांत अक्षरे भरण्याची हौस फार. पूर्वी उशीच्या अभ्र्यावर 'गुड नाइट' आणि दाराच्या तोरणावर 'वेलकम' असे. ती रोमन अक्षरे पुस्तकात तयार मिळत, सर्व एका उंचीची, एका ओळीत गुमान उभी राहणारी. देवनागरीचे तसे नाही. तिला डोक्यावर शिरोरेघ, शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार, आणि पायाशी उकार. शिकाऊ मुलगी अक्षराच्या अंगापुरती जागा मोजते आणि 'शुभ विवाह' भरू लागते. मग 'वि'ची वेलांटी वरच्या किनारीतील वेलीत जाऊन मिसळते आणि 'शु'चा उकार खालच्या कलशात बुडतो. रुंदीचा हिशेब न करता 'सुस्वागतम्' सुरू केले तर 'सु' ऐसपैस बसतो, 'ग'पाशी दाटी होते, आणि 'म' किनारीला खेटून उभा राहतो. असे तोरण लागलेल्या एका घरात आम्ही गेलो होतो. त्या गृहिणीने दारातच सांगितले, "आत या, 'म'ला जागा नाही मिळाली, पण तुम्हांला आहे." म्हणून अक्षरे आधी चौकटीच्या कागदावर लिहून पाहावीत. अंगासाठी सात घरे धरली, तर वर वेलांटी-मात्रेसाठी निदान तीन आणि खाली उकारासाठी तीन घरे मोकळी ठेवावीत. प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी मोजावी, कारण 'र'ला जेवढी जागा लागते तेवढीत 'क्ष' मावत नाही. सर्व घरांची बेरीज करून मधले घर शोधावे आणि तेथून दोन्ही बाजूंना भरत जावे. आणि 'सुस्वागतम्'चा पाय मोडावयाचा असतो हे विसरू नये. त्यासाठी खाली दोन घरे राखून ठेवावी लागतात.